ही धूळ पुसू नये

(मोठ्या वस्तूची प्रमाणात लहान केलेली नक्कल म्हणजे प्रतिकृती. विमाने, जहाजे, रेल्वे आणि रणगाडे यांच्या प्रतिकृती तयार करण्याचा छंद जगभर जोपासला जातो. नवी कोरी प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. म्हणून तिच्यावर धूळ, चिखल, गंज आणि वापराच्या खुणा रंगाने दाखवतात. ही कला दिसते तितकी सोपी नाही. या पाठात लेखकाने आपल्या भाच्याने तयार केलेल्या एका रणगाड्याची हकिगत सांगितली आहे.)

माझा भाचा मुन्ना आठवीत शिकतो. त्याचे अब्बू आखातात नोकरीला आहेत. एका ईदला ते घरी आले, तेव्हा त्यांनी मुन्नासाठी एक मोठा खोका आणला. खोक्यावर सेंच्युरियन रणगाड्याचे रंगीत चित्र होते. मुन्नाने घाईघाईने झाकण उघडले आणि त्याचा चेहरा उतरला. आत रणगाडा नव्हताच! प्लॅस्टिकच्या काही चौकटी होत्या. त्यांना शेकडो लहानमोठे भाग चिकटलेले होते. सोबत चित्रांची एक पुस्तिका होती.

"मामू, हे तर तुटलेलं आहे," मुन्ना म्हणाला.

"तुटलेलं नाही," मी म्हणालो, "हे अजून जोडायचं आहे."

खोक्यावर १:३५ असा आकडा छापला होता. मुन्नाने त्याचा अर्थ विचारला. मी म्हणालो, "खऱ्या रणगाड्यावर ३५ सेंटिमीटर असेल, ते इथे १ सेंटिमीटर. खऱ्या सेंच्युरियनचं धड साधारण ७६० सेंटिमीटर लांब आहे. भाग बरं ३५ ने." मुन्नाने पाटीवर भागाकार केला. उत्तर आले सुमारे २२ सेंटिमीटर. खरा रणगाडा जवळजवळ ३४० सेंटिमीटर रुंद, म्हणून प्रतिकृती १० सेंटिमीटरला थोडी कमी. पावणेदोन मीटर उंचीचा जवान या प्रमाणात फक्त ५ सेंटिमीटरचा होतो.

हे ३५ चे प्रमाण कोठून आले, त्याचीही गंमत आहे. जपानमधील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली. त्या प्रतिकृतीत चालणारी मोटर आणि बॅटरीचे सेल बसवायचे होते. ते मावतील एवढा आकार ठरवला आणि मग मोजून पाहिले, तर प्रमाण सुमारे १:३५ भरले. पुढे इतर कंपन्यांनीही तेच उचलले. सेलच्या आकारावरून ठरलेले हे माप आजही जगभर वापरले जाते.

आम्ही कामाला लागलो. आधी सगळ्या चौकटी साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्या. साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात लावलेले तेल त्यावर राहते आणि मग रंग धरत नाही. एकेक भाग छोट्या पक्कडीने कापायचा, कानशीने घासायचा आणि मगच चिकटवायचा. त्यासाठीचा द्राव साध्या गोंदासारखा नसतो. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग थोडासा विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. म्हणून द्राव थेंबभरच घ्यायचा. काम खिडकीजवळ बसून करायचे, कारण त्याची वाफ श्वासात जाणे चांगले नाही.

सेंच्युरियनच्या प्रत्येक बाजूला सहा चाके असतात. ती दोन-दोनच्या तीन जोड्यांत बसवलेली असतात. सर्वांत मागे दात्यांचे चाक असते. इंजिनाची ताकद त्या चाकाला मिळते आणि ते लोखंडी पट्टा ओढते. चाकांच्या वरच्या भागावर पोलादी पत्र्यांचा पडदा असतो. मुन्नाने सारे भाग मोठ्या जिद्दीने जोडले. त्याला दीड महिना लागला. मग आम्ही गावातल्या दुकानातून तेलाच्या रंगाचा हिरवा डबा आणला आणि रणगाडा रंगवला. तो चकचकीत हिरवा झाला.

"मामू, आता याला लढाईतला करायचा," मुन्ना म्हणाला. "चिखल, गंज आणि बुरुजावर गोळ्याची मोठी भोकं! शाळेच्या प्रदर्शनात सगळे बघत राहतील."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो, तर मुन्ना रडवेला होऊन बसला होता. फटींत काळसर रंग उतरावा म्हणून त्याने तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरवला होता. खालचा हिरवा रंगही टर्पेंटाइनमध्ये विरघळणाराच होता आणि तो पुरता वाळलेला नव्हता. कुंचल्याबरोबर तो निघून आला आणि जागोजागी पांढरे प्लॅस्टिक दिसू लागले. ते झाकण्यासाठी मुन्नाने अंगणातली माती गोंदात कालवून वर थापली होती. त्यावर विटकरी रंगाचा गंज फासला होता. पेन्सिलीने बुरुजावर दोन वर्तुळेही काढली होती. भोके तेथे पाडायची होती.

माझे अब्बा, म्हणजे मुन्नाचे नाना, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे फिटर होते. त्यांनी चष्मा लावला, रणगाडा हातात घेतला आणि चारही बाजूंनी पाहिला.

"मुन्ना," ते म्हणाले, "ही गाडी चाललेली नाही. हिला घाण फासली आहे."

मुन्नाला राग आला. "नाना, रणगाडा मळलेला नसतो का?"

"मळतो ना. पण बेटा, गाडी उगीच मळत नाही. प्रत्येक डागाला कारण असतं. तुझ्या गाडीच्या टपावर चिखल आहे, तो तिथे कुठल्या चाकाने उडवला? पट्ट्यांवर जाड गंज आहे. रोज चालणाऱ्या गाडीचं लोखंड जिथे घासतं तिथे गंज टिकत नाही, ते चांदीसारखं चमकतं. एवढा गंज भंगारातल्या गाडीला असतो. ही तुझी गाडी लढाईतली आहे की भंगारातली, ते आधी ठरव."

मुन्ना गप्प बसला. संध्याकाळी अब्बांनी त्याला हायवेवरच्या ट्रक अड्ड्यावर नेले. मीही बरोबर गेलो. एका जुन्या ट्रकजवळ उभे राहून अब्बा एकेक प्रश्न विचारू लागले आणि मुन्ना वहीत लिहू लागला.

चिखल कोठे आहे? चाकांच्या मागे, मडगार्डच्या आतल्या बाजूला. धूळ कोठे साचली आहे? आडव्या जागी आणि कोपऱ्यांत. उभ्या पत्र्यावर ती थोडी आहे. पावसाचे ओघळ कोणत्या दिशेने आहेत? वरून खाली, तिरपे कोठेच नाहीत. रंग कोठे उडाला आहे? ड्रायव्हर पाय ठेवतो त्या पायरीवर, हाताने धरतो त्या दांडीवर आणि दरवाजाच्या कडेला. पत्र्याच्या मधोमध रंग शाबूत आहे, कारण तेथे कोणी हात लावत नाही.

डिझेलच्या टाकीखाली एक काळा, ओशट ओघळ होता. त्यावर धूळ चिकटून थर झाला होता. अब्बांनी विचारले, "तुझ्या रणगाड्याचं इंजिन कशावर चालतं?"

मुन्नाला ते माहीत नव्हते. घरी येऊन आम्ही शोधले. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तयार केलेला हा रणगाडा सुमारे ५२ टन वजनाचा. त्याचे मीटिऑर नावाचे इंजिन विमानाच्या मर्लिन इंजिनावरून बनवलेले होते आणि ते पेट्रोलवर चालत असे.

"मग तसा जाड ओघळ चालणार नाही," अब्बा म्हणाले. "पेट्रोल उडून जातं, मागे फिकट डाग राहतो. डिझेल राहतं आणि धूळ धरतं. बघ, नुसत्या एका डागावरून इंजिन ओळखता येतं."

त्या रात्री मुन्नाने आपण होऊन रणगाड्यावरची माती आणि रंग धुऊन काढायला घेतला. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो तीन संध्याकाळ घासत होता.

पुढच्या सुटीत आम्ही दोघे अहमदनगरला गेलो. २०२४ मध्ये या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. भारतीय सेनेच्या रणगाडा दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे. त्या केंद्राने १९९४ मध्ये सुरू केलेले रणगाड्यांचे संग्रहालयही तेथे आहे. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या काळातले रणगाडे उघड्या मैदानात ओळीने उभे आहेत. मुन्ना त्यातल्या सेंच्युरियनसमोर जाऊन उभा राहिला. चित्रात पाहिलेली गाडी आता त्याच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच होती.

बुरुजाच्या समोरचा पृष्ठभाग खरखरीत होता. धड मात्र सपाट होते. मुन्नाने कारण विचारले. मी सांगितले, "बुरुजाचा हा भाग वितळलेलं पोलाद साच्यात ओतून केलेला आहे, म्हणून तो खरखरीत. धडाच्या जाड पाट्या एकमेकींना वेल्डिंगने जोडल्या आहेत, म्हणून त्या सपाट, आणि सांध्यावर ही जाड रेघ." मुन्नाने वहीत नोंद केली. आमच्या प्रतिकृतीचा बुरूज काचेसारखा गुळगुळीत होता.

मग तो म्हणाला, "मामू, भोक कुठे पाडू? इथे समोर की बाजूला?"

तेथेच एका झाडाखाली बसून मी त्याला एक खरी गोष्ट सांगितली.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध चालू होते. रावी नदीला मिळणाऱ्या बसंतर नदीच्या परिसरात, शकरगढ भागात, रणगाड्यांची मोठी लढाई झाली. भारताकडून लढणाऱ्यांत पूना हॉर्स ही पलटण होती. तिची स्थापना १८१७ मध्ये पुण्यात झाली होती. तिच्याकडे सेंच्युरियन रणगाडे होते. नदीपलीकडे पेरलेले सुरुंग पूर्णपणे काढून झालेले नसतानाच हे रणगाडे त्या वाटेने पुढे गेले.

त्यातल्या एका रणगाड्याचे नाव होते 'फामागुस्ता'. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरचे एक बंदर आहे. या रणगाड्याचा प्रमुख होता सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. म्हणजे त्याचे वय अवघे एकवीस वर्षे होते आणि सेनेत अधिकारी होऊन त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. १६ डिसेंबरला जरपाल गावाजवळ लढताना त्याच्या रणगाड्याला गोळा लागला आणि आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा हुकूम वरून मिळाला. पण आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून तो लढत राहिला. नंतर आणखी एक गोळा रणगाड्यावर आदळला. अरुण खेत्रपाल आणि त्याचा एक साथीदार परत आले नाहीत. मरणोत्तर परमवीर चक्र देऊन त्याचा गौरव करण्यात आला. तो 'फामागुस्ता' रणगाडा पुढे याच शहरातल्या रणगाडा प्रशिक्षण केंद्रात जतन करून ठेवण्यात आला.

"आणि समोरचे लोक?" मुन्नाने विचारले.

"तेही रणगाड्यांतच होते. त्यांच्यातही कितीतरी जण मेले. २००१ मध्ये अरुणचे वडील आपलं जुनं घर पाहायला पाकिस्तानात गेले होते. लाहोरमध्ये ज्यांच्या घरी ते पाहुणे म्हणून उतरले, ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर त्या लढाईत समोरच्या बाजूने लढले होते. तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला, हे त्यांनी स्वतःच त्या वृद्ध वडिलांना सांगितलं."

मुन्ना बराच वेळ बोलला नाही. समोरच्या सेंच्युरियनकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामू, मी भोक पाडायचं म्हणत होतो, त्याच्या मागे माणूस बसलेला असतो ना?"

"हो. यात चौघे बसतात. चालक, तोफ चालवणारा, तोफ भरणारा आणि प्रमुख."

घरी आल्यावर मुन्नाने पेन्सिलीची वर्तुळे पुन्हा काढली नाहीत. मी त्याला विचारले, "रणगाड्यावर 'फामागुस्ता' नाव लिहायचं का?" त्याने थोडा विचार केला. "नको, मामू. त्या दिवशी ती गाडी कशी दिसत होती, कुठे किती मळली होती, ते मी पाहिलेलं नाही. नाव लिहिलं तर सगळे समजतील, ती अशीच होती. मी साधा सेंच्युरियन करतो. नदीकडे निघालेला."

आता कामाला खरी सुरुवात झाली. या वेळी आम्ही घाई केली नाही. बुरुजाच्या समोरच्या भागावर प्लॅस्टिक विरघळवणारा द्राव लावून मुन्नाने ताठ केसांच्या ब्रशने हलके ठोके दिले. पृष्ठभाग ओतीव पोलादासारखा खरखरीत झाला. त्यावर प्रायमरचा पातळ हात दिला. मग पाण्यात मिसळणारा हिरवा रंग घेतला आणि त्यात किंचित पांढरा मिसळला. लहान वस्तूवर तोच रंग आपल्याला अधिक गडद भासतो. शिवाय दूरची गाडी हवेतल्या धुळीमुळे फिकट दिसते, आणि प्रतिकृती पाहणे म्हणजे मोठी गाडी दुरून पाहण्यासारखेच आहे.

रंग दोन दिवस वाळू दिला. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचा हात देऊन तोही वाळवला. मगच टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी रंग बारीक कुंचल्याने फक्त फटींत आणि खिळ्यांभोवती सोडला. मधे व्हार्निशचा पडदा असल्यामुळे या वेळी खालचा रंग जराही हलला नाही. पहिल्या वेळी चुकलेली गोष्ट ती हीच होती.

पुढे उडालेल्या रंगाच्या खुणा आल्या. मुन्नाने स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवला आणि कागदावर टिपून जवळजवळ कोरडा केला. मग त्याने पहिला ठिपका देण्याआधी पट्टी मागितली.

"पट्टी कशाला?" मी विचारले.

"इथला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर, मामू. मोठा ठिपका दिला तर वीतभर रंग उडाल्यासारखा दिसेल."

मला फार बरे वाटले. त्याने झाकणांच्या कडा, वर चढायच्या जागा आणि बाजूच्या पडद्याची खालची किनार एवढ्याच ठिकाणी अगदी बारीक ठिपके दिले. पट्ट्यांवर, जेथे चाके घासतात, तेथे पेन्सिलीचे शिसे घासले. तेथे लोखंडाची चमक आली. गंज फक्त मागच्या मडगार्डवरच्या सायलेन्सरवर दाखवला. तापून तापून त्यावरचा रंग जळतो आणि मग लोखंड गंजते. त्याच्या तोंडाशी काजळीचा हलका हात दिला.

चिखलाची पाळी आली, तेव्हा मुन्नाने माती आधी मलमलच्या कापडातून गाळली. वाळूचा एक मिलिमीटरचा कण या रणगाड्याशेजारी साडेतीन सेंटिमीटरच्या खड्यासारखा दिसला असता. गाळलेली माती, थोडे प्लॅस्टर आणि पाण्यात मिसळणारा गोंद एकत्र करून त्याने तो पट्ट्यांत, चाकांच्या मधे आणि मडगार्डच्या खाली लावला. खाली ओलसर, गडद. वर वाळलेला, फिकट. शेवटी रंगीत खडूची बारीक पूड कोरड्या कुंचल्याने आडव्या जागांवर सोडली. पूड उडते, म्हणून आम्ही नाकाला रुमाल बांधला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री रणगाडा पुन्हा अब्बांच्या हातात गेला. त्यांनी चष्मा लावला आणि तो बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"आत जाणारी माणसं कुठून चढतात?" त्यांनी विचारले.

मुन्नाने समोरची बाजू दाखवली.

"मग त्यांच्या बुटांची माती कुठे आहे?"

मुन्ना हसला. त्याने बारीक कुंचला घेतला आणि चढायच्या जागेपासून झाकणापर्यंत मातीचे पुसट डाग दिले. अब्बांनी पुन्हा पाहिले. "आता ही चाललेली आहे," ते म्हणाले आणि रणगाडा अलगद टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पुष्कळ लोकांनी रणगाडा पाहिला. एका पाहुण्यांनी विचारले, "लढाईतला रणगाडा आणि एकही भोक नाही? आग नाही? थोडी मजा आणायची होतीस!"

"साहेब, हा अजून नदीच्या अलीकडे आहे," मुन्ना म्हणाला. "आत चौघे आहेत."

पाहुण्यांनी मान हलवली. ते पुन्हा खाली वाकले आणि बुटांच्या खुणांकडे पाहू लागले.

रणगाडा आता घरी काचेच्या कपाटात असतो. पहिल्या आठवड्यात तो उघड्यावरच होता. एके सकाळी माझी आपा, म्हणजे मुन्नाची अम्मी, घर झाडत होती. "किती धूळ बसली आहे या खेळण्यावर!" असे म्हणून तिने ओले फडके उचलले. मुन्ना जेवता जेवता उठून धावला. तेव्हापासून कपाटावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर मराठीत आणि उर्दूत लिहिले आहे : 'ही धूळ पुसू नये.'

शब्दार्थ
प्रतिकृती – हुबेहूब नक्कल, नमुना
कानस – धातू किंवा प्लॅस्टिक घासण्याचे हत्यार
बुरूज – (येथे) रणगाड्याचा वरचा, तोफेसह फिरणारा भाग
धड – (येथे) रणगाड्याचा खालचा मुख्य भाग
ओघळ – द्रव खाली वाहून गेल्याची रेघ
ओशट – तेलकट
शाबूत – न बिघडलेला, जसाच्या तसा
सुरुंग – जमिनीत पुरलेली स्फोटक वस्तू
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेला
काजळी – धुराचा काळा थर
पुसट – अस्पष्ट, नीट न दिसणारे

वाक्प्रचार
छंद जोपासणे – आवड सतत जपणे
चेहरा उतरणे – निराश होणे
एकजीव होणे – पूर्णपणे एकत्र होणे
रंग धरणे – रंग पृष्ठभागावर पक्का बसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) खोका उघडल्यावर मुन्नाचा चेहरा का उतरला?
(२) भाग जोडण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने का धुतात?
(३) मुन्नाचे नाना काय काम करीत असत?
(४) 'फामागुस्ता' रणगाडा कोठे जतन करण्यात आला?
(५) मुन्नाने माती मलमलच्या कापडातून का गाळली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मुन्नाचा पहिला रंग का बिघडला? दुसऱ्या वेळी त्याने कोणती काळजी घेतली?
(२) ट्रक अड्ड्यावर मुन्नाला कोणकोणत्या गोष्टी दिसल्या?
(३) डागावरून इंजिन कसे ओळखता येते, ते नानांच्या बोलण्यावरून सांगा.
(४) मुन्नाने रणगाड्यावर 'फामागुस्ता' हे नाव का लिहिले नाही? त्याचे म्हणणे तुम्हांला पटते का?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) "तुटलेलं नाही, हे अजून जोडायचं आहे."
(२) "प्रत्येक डागाला कारण असतं."
(३) "त्याच्या मागे माणूस बसलेला असतो ना?"
(४) "आत चौघे आहेत."

प्र. ४. हिशेब करा. (प्रमाण १:३५)
(१) खरा रस्ता ७ मीटर रुंद आहे. प्रतिकृतीत तो किती सेंटिमीटर होईल?
(२) प्रतिकृतीवर चिखलाचा थर २ मिलिमीटर आहे. खऱ्या रणगाड्यावर तो किती सेंटिमीटर होईल?

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) मराठीत तीन लिंगे आहेत : तो रणगाडा, ती गाडी, ते चाक. पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : चिखल, धूळ, इंजिन, गंज, कपाट, तोफ, प्लॅस्टिक, माती, डाग.
(आ) नजर, दुकान, मेहनत, कागद हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा. त्यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घराजवळची सायकल, हातगाडी किंवा रिक्षा दहा मिनिटे नीट पाहा. तिच्यावर दिसणाऱ्या पाच खुणा लिहा आणि प्रत्येक खूण कशामुळे झाली असेल, ते एकेका वाक्यात सांगा.